मी माफ करत होते, ती घेत नव्हती

आमगावात आमच्या गल्लीतले लोक माझ्या आवाजावर घड्याळ लावत, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. त्यात त्याची थोडी भर आहे, पण फार नाही. नळ यायची वेळ आणि माझं दिवसातलं पहिलं भांडण यांत पाच मिनिटांचं अंतर असायचं. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस, फॉल-पिको, सगळं त्याच खोलीत. दिवसभर मशीन आणि तोंड एकाच वेगानं चालायचं.

भांडणं पुष्कळ होती, पण सगळ्यात जुनं आणि जिवापाड सांभाळलेलं भांडण मोठ्या जावेशी. सासऱ्यांच्या घराचे दोन भाग झालेले. एकात आम्ही, दुसऱ्यात भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि ती. मागच्या अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत आणि भिंतीला लागून मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. मूळ आमच्या बाजूला, शेंगा सगळ्या तिच्या बाजूला. त्या शेंगांवरून एका सकाळी जे पेटलं, त्यानंतर सात वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी सरळ एक शब्द बोललो नाही.

म्हणजे बोलणं बंद होतं असं नाही. माझ्याकडे बकरी होती, तिच्याकडे गाय. मी बकरीला चारा टाकताना मोठ्यानं म्हणायची, "खाय वो माय खाय. लोकाईच्या झाडाचं फुकट खाणाऱ्याइले लाज नाही, मंग तुले कायले पायजे?"

भिंतीपलीकडून गाईला उत्तर मिळायचं, "पाह्य गाई, काही लोक असे रायतेत का त्याइचं झाडही त्याइच्याकडं तोंड करून वाढत नाही."

बकरीला त्या काळात आमच्या खानदानाची सगळी माहिती झाली होती. दोघे भाऊ स्टेशनजवळच्या चहाच्या ठेल्यावर चोरून भेटत. मला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. त्यावरूनही आम्ही एकदा भांडलो, अर्थात बकरी आणि गाईमार्फतच.

मग मला बीपी निघाला. गोंदियाच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "राग कम करो बाई."

मी म्हटलं, "त्याची गोळी द्या."

ते म्हणाले, "वैसी गोली नहीं आती."

"मंग तुमी डॉक्टर कायचे?" असं म्हणून मी त्यांच्याशीही भांडून आले. नवरा बाहेर बाकावर बसून दुसऱ्याच कोणाचा तरी नवरा असल्यासारखं भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होता.

अशा दिवसांत एक रिटायर झालेली नर्सबाई माझ्याकडे ब्लाउज टाकून गेली. उंच, काळीसावळी, पांढरे केस, बोलण्यात मराठी आणि हिंदी अर्धी अर्धी. चांगलं महाग कापड होतं. त्याच दिवशी नळावर एकीशी जोरात वाजलं होतं, आणि त्या तिरमिरीत मी तिच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. शिवून झाल्यावर लक्षात आलं. दोन्ही डाव्या.

माझा एक नियम होता. आपली चूक असली की आपण आधी ओरडायचं. त्यामुळे ती आली तेव्हा मी पदर खोचून तयारच होते. कापड तिरपं होतं, मशीनची सुई खराब होती, तुमचाच खांदा वाकडा आहे, अशी तीन उत्तरं ओळीनं लावून ठेवली होती. तिनं ब्लाउज घातला, आरशात पाहिलं, उजवा हात वर केला, तो अर्ध्यातच अडकला. आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिला स्टूलवर बसावं लागलं.

"अगं, ह्यात तर मला फक्त डाव्या हातानंच आशीर्वाद देता येईल!"

मी म्हटलं, "तुमी भांडून नाही राहिल्या?"

"कशाला? मी चाळीस वर्षं लोकांच्या नसा शोधल्या पोरी. पहली बार में मिलतेच असं नाही. कितीकांना दोनदा टोचलं. त्यांनी मला सोडलं, मी तुला सोडते."

ती गेली. लढायला निघावं आणि समोर कोणी येऊच नये, तसं झालं. दिवसभर मला करमेना. तीन दिवसांत नवी बाही लावून ब्लाउज तिच्या घरी नेऊन दिला आणि दारातच विचारलं, "तुमाले राग येत काऊन नाही?"

"येतो ना. खूप येतो. पण तो मी घरी ठेवत नाही, प्रभूजवळ ठेवते. रविवारी ये, दाखवते कुठे ठेवते ते."

मी गेले ती ठेवायची जागा पाहायलाच. राइस मिलच्या मागे, रेल्वे लाइनला लागून, टिनाचं छत असलेली एक लांब खोली, ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची. सतरंजी, एक ढोलक, एक पेटी, वीस-पंचवीस माणसं. गाणी अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, एक छत्तीसगढीत. प्रार्थना चालवणारे पाळक म्हणजे साधा माणूस, पायात चप्पल, अंगात इस्त्री न केलेला शर्ट. सुरुवातीलाच ते म्हणाले, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?" मला वाटलं इथं कोणाची तरी केस चालू आहे. मी आरोपी कोण ते शोधायला लागले. नर्सबाईंनी कानात सांगितलं की साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगणं.

मग पाळक उपदेशाला उभे राहिले. माझं लक्ष त्यांच्या बोलण्यातली चूक पकडण्यावर होतं. ते म्हणाले, "आपल्याला वाटतं देव आपल्यासारखाच आहे. पण बाई, तू किती ओरडलीस, कोणाकोणाला ओरडलीस, हे सगळं माहीत असूनसुद्धा तो..."

आणि मालगाडी आली.

तिथं गाडी आली की सगळं थांबतं, हे मला माहीत नव्हतं. टिन थरथरत होतं. पाळक एक बोट वर करून तसेच उभे. लोक डोळे मिटून शांत बसलेले. कोळशाचे डबे संपता संपेनात. आणि मी मात्र अडकले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं होतं, पण 'बाई' म्हटलं होतं. माझं ओरडणं माहीत असूनसुद्धा तो काय करतो? शिक्षा करतो? तोंड फिरवतो? डब्यामागून डबा जात होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी वाक्य पुरं व्हायची वाट पाहत गप्प बसले होते.

गाडी गेली. पाळकांनी बोट खाली केलं आणि म्हणाले, "...तो तुझ्यावर प्रेम करतो."

एवढंच. मला काहीतरी मोठं वाटलं होतं. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. नर्सबाईंनी रुमाल दिला. मी म्हटलं, "कोळशाची धूळ गेली." त्या म्हणाल्या, "हो, सगळ्यांच्याच जाते इथं."

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. नवरा पहिले दोन रविवार काही बोलला नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाला, "तू जाय. मले ओढू नको. माझा शनिवारचा मारुती आहे, तो मी सोडत नाही." मी म्हटलं, "मी तुमाले काही म्हटलं का?" तो म्हणाला, "तेच त म्हणून राहिलो, तू काहीच म्हणून नाही राहिली. बरं आहे ना तुले?"

गल्लीत बायकांनी विचारलं, "काय देतेत वो तिथं?"

"चहा देतेत. साखर कमी असते."

एके दिवशी नळ येऊन गेला आणि माझा आवाज झाला नाही, तर समोरची म्हातारी काठी टेकत तब्येत विचारायला आली. मला स्वतःलाच नवल वाटायचं. राग यायचा, पण येताच मी "प्रभू, हे घ्या" असं मनात म्हणायची, आणि तो घ्यायचा. दरवेळी नाही. पण पुष्कळदा. झोप लागायला लागली. गोंदियाच्या डॉक्टरांनी बीपीच्या मशीनचा पट्टा दोनदा गुंडाळून पाहिला आणि म्हणाले, "मशीन तो ठीक है." मी त्यांची माफी मागितली. ते जरा घाबरल्यासारखे वाटले.

आता एवढं सगळं छान चाललेलं असताना एका रविवारी पाळक म्हणाले, की देवापुढं हात जोडायला आलात आणि आठवलं की घरी कोणाशी बिघडलेलं आहे, तर आधी घरी जा, नीट करा, मग या. मला लगेच जाऊ आठवली. मी मनाशी ठरवलं, तिला आपण माफ करून टाकायचं. मन मोठं करायचं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आणलेल्या मुनग्याच्या शेंगांचं छान बेसन लावून कालवण केलं आणि वाटीभर भिंतीवर ठेवलं. पडद्याआडून पाहिलं. ती आली, वाटीकडे पाहिलं, वास घेतला, आणि वाटी गाईपुढं ठेवली. मग स्टूल आणून गाईसमोर बसली आणि तासभर गाईला काही होतं का ते पाहत राहिली. गाईनं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली आणि आणखी मागायला माझ्याकडे तोंड केलं.

तीन-चार दिवसांनी मी भिंतीपाशी जाऊन सरळ हाक मारली, "दीदी!"

सात वर्षांत पहिली हाक. तिच्या हातातली बादली पडली. ती आत धावली आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "अवो, उठा! ते मले दीदी म्हणून राहिली! घराचे कागद काढा!"

भासरे खरंच कागद घेऊन तलाठ्याकडे गेले. तलाठ्यानं विचारलं, काय झालं, अतिक्रमण झालं का? भासरे म्हणाले, "नाही, पण होऊन राहिलं असं वाटते. गोड बोलून राहिली." माझ्या नवऱ्यानं ही हकिगत चहाच्या ठेल्यावर ऐकली आणि घरी येऊन मला सांगताना त्याला ठसका लागला.

मी मागे हटले नाही. मी रविवारी सगळ्यांना सांगितलं, माझ्या जावेसाठी प्रार्थना करा, तिचं मन फार कठीण आहे. तिथल्याच एका बाईनं ते बाजारात कोणाला सांगितलं, आणि जावेच्या कानावर गेलं ते असं की वीस-पंचवीस माणसं खोली बंद करून तिच्यावर काहीतरी करून राहिले आहेत.

ती भर दुपारी माझ्या पुढच्या दारात आली. समोरून. सात वर्षांत पहिल्यांदा. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"कायले माझ्या मागे लागली वो तू? मी तुझं का बिघडवलं? काय करून राहिली माझ्यावर?"

"मी काही करून नाही राहिली! मी तुले माफ केलं!"

"मले? तू? मले माफ केलं? कायचं?"

"मले नाही मालूम कायचं! केलं म्हणजे केलं! घेऊन टाक ना आता!"

"मी नाही घेत!"

"घ्यावंच लागन! मी प्रभूले सांगून आली!"

मी कात्री हातात धरून ओरडत होते, की गप्प माफी घे. गिऱ्हाइकं कापड सोडून पळाली. बकरी आतून ओरडायला लागली. जाऊ निघून गेली. माझं डोकं ठणकत होतं, आणि जुना आवाज घशात परत आला होता तो अगदी ओळखीचा, घरी आल्यासारखा.

नर्सबाई संध्याकाळी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पाहा, मी एवढी माफी देऊन राहिली, ते घेतच नाही."

त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तू देऊन राहिलीस. मागितलीस कधी?"

"मी कायची मागू? शेंगा तिनं घेतल्या."

"शेंगांचंच आहे का ते?"

मी कपबशा उचलून आत गेले.

त्या शेंगांच्या आधी दोन महिने जावेच्या पोरीला पाहायला बालाघाटकडची माणसं आली होती. चांगलं स्थळ होतं. त्या दिवशी जावेनं मला पाहुण्यांसमोर बोलावलंच नाही. आत पुऱ्या लाटायला बसवलं. सगळ्या नात्याच्या बायका समोरच्या खोलीत, आणि मी, सख्खी काकू, कणकेत. नंतर मुलाची आत्या ब्लाउजचा हूक तुटला म्हणून माझ्याकडे आली. मी हूक लावला आणि सुईचा दोरा दातानं तोडता तोडता म्हटलं, "पोरगी लय चांगली आहे. थोडी चक्कर येते कधी कधी, एवढंच."

पोरगी एकदाच चक्कर येऊन पडली होती. नववीत. झेंडावंदनाला, उन्हात, उपाशीपोटी.

स्थळ मोडलं. कोणाला कारण कळलं नाही, असं मी धरून चालले. मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. मुनग्यावरून भांडण झालं तेव्हा मला उलट बरं वाटलं, कारण रागवायला शेंगा मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेच्या दारात गेले. वाटी नाही, काही नाही. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "दीदी, पोरीचं ते बालाघाटचं स्थळ माझ्यामुळं मोडलं. चक्कर येते म्हणून मी सांगितलं होतं. मले माफ कर."

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"त्याच हप्त्यात. त्या आत्यानंच कोणाले तरी सांगितलं, ते माझ्याकडं आलं."

"मंग तू शेंगाइवरून काऊन भांडली? तोंडावर काऊन नाही म्हटलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भिंतीवरून ओरडू का, माझ्या पोरीले चक्कर येते म्हणून? गावभर करू?"

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. ती म्हणाली, "जाय आता तू." मी उठून आले. तिनं दार लावून घेतलं.

पुढं आठ-दहा दिवस त्या बाजूनं काही आवाज नाही. गाईशीही ती बोलली नाही. आणि इथं मला कबूल करायला हवं, की त्या आठ-दहा दिवसांत मी आयुष्यात कधी नव्हते इतकी हलकी होते. तिनं मला माफ केलं नव्हतं. करेल असंही वाटत नव्हतं. तरी सकाळी मशीनवर बसले की मी गुणगुणायची. पोटात सात वर्षं अडकलेला हूक निघाला होता, आणि तो मी काढला नव्हता, माझ्याकडून काढवून घेतला होता. मी पाळकांना विचारलं, असं होतं का? ते म्हणाले, "होतं. आणि आता तिच्या मागे लागू नका." नवऱ्यानं मागून "आमेन" म्हटलं. तो मला मोटरसायकलवर घ्यायला आला होता.

मग एका दुपारी जाऊ दुकानात आली. ब्लाउज पीस काउंटरवर टाकला. "माप घे."

मी टेप घेतला. तिच्या खांद्याला हात लावला. ती पहिल्यापेक्षा बारीक झाली होती. मी वहीत आकडे लिहीत राहिले.

"गळा मागून मोठा नको."

"सध्या मोठाच चालते दीदी."

"मी का लग्नाले उभी आहे?"

"बरं, छोटा."

"एवढाही छोटा नको का फास लागन."

दहा मिनिटं आम्ही गळ्यावरून वाद घातला. मध्ये ना बकरी, ना गाय. जाताना दारात वळून ती म्हणाली, "हे पाह्य, तुझा देव तुझ्याजवळ. मले तिथं नेऊ नको. पण पोरीले तू स्वतः सांगशीन. नुकसान तिचं झालं, माझं नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी मी सोयीनं विसरले असते.

पोरगी आता सडक अर्जुनीला असते. तिचं दुसरं स्थळ जमलं होतं. नवऱ्याचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान, माणूस चांगला, आणि चार महिन्यांचं बाळ. आम्ही दोघी जावा गोंदियाहून एस.टी.नं निघालो. त्या दिवशी वाटेतल्या गोरेगावचा बाजार होता, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एका माणसाची कोबीची गोणी माझ्या पायावर. जुने दिवस असते तर गोणी आणि माणूस दोन्ही खिडकीतून गेले असते. मी "प्रभू, हे घ्या" म्हटलं. शेजारून जाऊ म्हणाली, "कोणाले देऊन राहिली? त्या कोबीवाल्यालेच सांग का गोणी उचल." मी सांगितलं, आणि त्यानं उचलली. कधी कधी असंही चालतं.

पुतणीच्या घरी पाणी झालं, पोहे झाले. ती दूध तापवायला ठेवून, बाळ कडेवर घेऊन आमच्यासमोर बसली. मी पुन्हा उभी राहिले. बसून सांगता येईना. सगळं सांगितलं. पुऱ्या, हूक, आत्या, चक्कर.

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. म्हणाली, "काकू, मले मालूम नव्हतं. मले वाटे मी दिसाले चांगली नाही म्हणून नाही म्हटलं त्याइनं."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. जाऊ खिडकीतून बाहेर ट्रक पाहत होती, पण तिनं पदर डोळ्याला लावलेला मला दिसला.

तेवढ्यात चुलीवरून फस्स् आवाज आला. पुतणी "अवं माय, दूध!" म्हणत उठली आणि जाता जाता तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. विचार करून ठेवलं की जवळ मीच होते म्हणून, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. बाळानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, चेहरा अगदी गंभीर केला, आणि माझी नवी साडी पार ओली केली.

जाऊ आधी हसली. मग आतून दुधाची पातेली पुसता पुसता पुतणी हसली. मी हललेही नाही, बाळाला तसंच धरून बसून राहिले.